चाकू पाहिलेली डोकी

केस संध्याकाळी झाडून फेकता येतात. दुकानातल्या गोष्टी झाडूनं निघत नाही, कोपऱ्यात साचत जातात. चौथी शिकलेला न्हावी आहो मी, नंदनवन मोहल्ल्यात दुकान आहे. साचलेलं थोडं लिहून काढतो.

उन्हाळ्यात समोरच्या रसवंतीवर भरदुपारी दोघांनी एकाले चाकू मारला. माणूस वाचला. मोठे लोक आठ दिवसांत विसरले. पण तिथं क्रिकेट खेळणाऱ्या पोट्ट्यांनी सगळं पाह्यलं होतं, अन् त्या सगळ्यांची कटिंग माझ्याकडंच!

सगळ्यांत जवळ होता अकरा वर्षांचा वेदांत, हातात रसाचा गिलास घेऊन. तेव्हापासून त्यानं डोक्याले कैची लावू दिली नाही. केस खांद्यावर आले. कापल्याशिवाय येऊ नको, शाळेनं सांगतलं. तो घरी बसला. त्याची आई रडकुंडीले आली. मी म्हटलं, धरून आणा, पाच मिनिटांचं काम आहे. तर ती म्हणे, धंतोलीच्या मनाच्या डॉक्टरीणबाईनं जबरदस्ती अजिबात नको म्हटलं.

मले हसू आलं. कटिंगले डॉक्टर!

*

मंग नऊ वर्षांचा आयुष आला. अंगावर कपडा टाकला तर म्हणे, हात बाहेर राहू द्या. काहून, तर पळायचं काम पडलं अन् हात गुंतले तर?

"अर्धी कटिंग घेऊन पळशील का बे?"

"हो. उरलेली आई करून देईन."

*

रोहित सतरा वर्षांचा. मिशी फुटून राहिली. आपण असल्या गोष्टीले भेत नाही, म्हणे, डोक्यावर विजेची डिझाइन काढा. मी मागून मशीन सुरू केली, तर हा खुर्चीतून थेट दरवाज्यात. चार गिऱ्हाईक पाहून राहिले होते. त्यानं कॉलर नीट केली.

"काका, तुमच्या मशीनले करंट आहे."

माझी मशीन चार्जिंगवर चालते. अन् मोहल्ल्याची लाइन सकाळपासूनच गेली होती.

*

कोणत्याच पोट्ट्याले पाठीमागं दरवाजा नको. शेवटी कटकट करत मी एक खुर्ची रस्त्याकडं फिरवली. रविवारी पेन्शनर देशमुख साहेब नेमके तिच्यातच बसले. अर्धी दाढी झाली, तर म्हणे,

"मी दाढी करून राहिलो गा, की ट्रॅफिक सांभाळून राहिलो?"

*

आयुषचा बाप म्हणे, आजकालचे पोट्टे नाजूक आहेत. आमी लहानपणी कितीक मारामाऱ्या पाह्यल्या, आमाले काही झालं का? मीबी मान हलवली, अन् वस्तरा उघडला. तो वस्तऱ्याकडं पाहतच राहिला.

"दाढी राहू द्या काका. औंदा वाढवायचा विचार आहे."

*

आता वेदांतचं. आई त्याले रविवारी घेऊन यायची. तो बाकावर बसायचा, दुसऱ्यांची कटिंग पाहायचा, घरी जायचा. असे चार रविवार गेले. मी एक शब्द बोललो नाही, अन् हे माझ्यासाठी सोपं नव्हतं.

पाचव्या रविवारी तो उठला. ड्रॉवरमधलं सगळं काढायले लावलं. कैच्या, वस्तरे एकेक करून पाह्यले. वस्तरे त्यानं मले दुकानाबाहेर ठेवायले लावले. मंग खुर्चीकडं बोट दाखवलं.

"पहिले तुमी बसा."

दुसऱ्या दिवशी माझ्या नातीचा साखरपुडा होता. मी त्याले तसं सांगतलंबी. त्यानं ऐकून घेतलं अन् माझ्या गळ्याभोवती कपडा बांधला. मंग त्यानंच मशीन सुरू केली. आवाज डोक्यावर आला, मी दचकलो, अन् माझ्या हातांनी खुर्ची कधी घट्ट धरली, मलेच समजलं नाही.

कपाळापासून टाळूपर्यंत एक सरळ रस्ता!

त्याच्या आईनं तोंडावर पदर धरला. वेदांतनं आरशातून माझ्याकडं बराच वेळ पाह्यलं अन् मशीन बंद केली.

"तुमी हालले," तो म्हणाला.

अन् बाजूच्या खुर्चीत चढून कटिंगले मान खाली घातली.