केरसुणी अजून झाडतीय

शहात्तर साली महिपती सुतार कामासाठी कतारमधल्या दोहाला निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने, केसरबाईने, ट्रंकेत शिंदीची नवी केरसुणी ठेवली. म्हणाली, "ही लक्ष्मी हाय. दिवाळीला हिला कुंकू लावा, आन् ही झिजली की माघारी या."

महिपतीने शब्द दिला. पण केरसुणी शब्दाहून चिवट निघाली, निदान तो तसं म्हणायचा. लेकीचं लग्न झालं, घराला स्लॅबचं छप्पर झालं. दर सुट्टीत केसरबाई विचारायची आणि त्याचं उत्तर ठरलेलं: "अजून झाडतीय." खरं तर मुठीपुढे चार बोटं काड्या उरल्या होत्या. दोहाजवळच्या मुऐदरच्या साइटवर तो तेवढ्यानेच सुतारकामाच्या बाकावरचा भुसा लोटायचा. "भाऊ, खलास झाली ती," खोलीतला रत्नागिरीचा दिलावर चिडवायचा. महिपतीचे गुडघे बोलायला लागले होते, वाळूने डोळे कायम चुरचुरायचे. तरी दर वेळी कंत्राट संपलं की तो केरसुणीच्या त्या खुंटाकडे बघायचा आणि नव्या कंत्राटावर सही करायचा.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत त्याने साइटवरच खुंटाला कुंकू लावलं. फोरमन ली, हाँगकाँगचा चिनी, ते बघून हसला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "हमारे में भी बोलता है. घर का पुराना झाडू, हजार सोना."

महिपती हरखला. म्हणजे चिन्यांच्यातही केरसुणी लक्ष्मीच! आठवडाभर त्याने हे ऐकवून दिलावरचे कान किटवले. शेवटी दिलावरने त्याला घेऊन जाऊन ली साहेबांनाच विचारलं.

ली ओशाळला. ते कौतुक नव्हतंच. फार पूर्वी त्यांच्या एका राजाने लेखकांना टोला हाणताना हे खेडवळ बोलणं वापरलं होतं. जो तो आपल्याच लिखाणावर खूश, घरातला झिजका झाडू मालकाला हजार मोहरांचा वाटावा तसा. आपलं वैगुण्य आपल्याला दिसत नाही, एवढाच अर्थ. पुढे लोक आपल्या जपलेल्या जुन्या वस्तूबद्दलही नम्रपणे तसं म्हणू लागले.

"मालूम है पुराना, फिर भी रखता," ली समजुतीने म्हणाला.

महिपतीने जाऊन खुंट हातात घेतला, उरलेल्या काड्यांवरून बोट फिरवलं. सात वर्षांचा शीण एकदमच अंगावर आला आणि तो बाकावर बसला. त्या वर्षी नव्या कंत्राटाचा कागद आला, तो त्याने सही न करता परत दिला.

गावी पोचल्यावर ट्रंक उघडून त्याने खुंट केसरबाईच्या हातात ठेवला.

"संपली गं."

तिने तो उलटासुलटा करून बघितला, कपाळाला लावला.

"अवो, ही तर कवाच संपली हुती."