जिन्यातलं बटण

त्या उन्हाळ्यात देविदास राठोडनं स्वतःच्या घराच्या जिन्यातला दिवा तीन वेळा बदलला. कळमनुरीत लोक हसले. गावातल्या निम्म्या घरांची फिटिंग ज्याच्या हातची, त्याला आपल्याच घरातल्या तेरा पायऱ्यांसाठी दिवा ठरवता येईना. चहाच्या टपरीवर एकानं विचारलंच, "काय देविदासभाऊ, जिना हाय का लग्नाचा मांडव?"

देविदासनं कप ठेवला आणि सायकलीवर टांग मारली.

हसणाऱ्यांना एवढंच ठाऊक होतं की त्याची बायको जिन्यावरून पडली आणि पाचव्या महिन्यात लेकरू गेलं. नांदेडच्या दवाखान्यातून आणल्यावर दिपाला खुर्चीत बसवून दोघांनी उचलून वर नेलं होतं. तेव्हापासून ती खाली उतरली नव्हती. जिन्याच्या तोंडाशी यायची, वरच्या पायरीवर बसायची आणि खालच्या अंधाराकडे बघत राहायची. जेवणाचं ताट देविदास वर न्यायचा. खाली त्याची याडी, म्हणजे आई, पारुबाई, वर बायको, आणि मधल्या तेरा पायऱ्यांवर दिवसभर तो एकटाच.

दोघींचं भांडण एका वाक्याचं होतं. पारुबाई येईल त्याला सांगायची, "मी तर लाईट लावली होती." आणि दिपा म्हणायची, "लावली न्हाई, घालवली. मी डोळ्यानं पाहिलं. उजेड होता, मधातच गेला. तुमच्या याडीनं बिल वाचवलं."

पारुबाईला वीज वाचवायची सवय होती, हे गल्लीत लपलेलं नव्हतं. त्यांच्या बंजारा तांड्यावर वीज आली तेव्हा देविदास बारा वर्षांचा होता. घरात पहिला बल्ब लागला तेव्हा त्याच्या बापानं, थावरानं, त्याखाली बसून ज्वारी निवडली होती, आणि पारुबाईनं ज्वारी निवडून होताच तो विझवला होता. खोलीत माणूस नसला की तिचा हात आपोआप बटणाकडे जायचा. "रिकाम्या भिंतीला काहून उजेड दाखवून राहिले?" हे तिचं ठरलेलं. त्यामुळं दिपाचं म्हणणं सगळ्यांना पटण्याजोगं होतं. शेजारच्या सुमनबाई तोंडावर काही म्हणायच्या नाहीत, पण पारुबाई शपथा घ्यायला लागली की त्या आपल्या पदराशी खेळत बसायच्या. त्या पदराशी खेळण्यानं पारुबाई आतून खचत चालली होती.

खरं काय ते फक्त देविदासला माहीत होतं.

घर बांधलं तेव्हा त्यानं जिन्यात मोठ्या हौसेनं टू-वेची वायरिंग केली होती. एक बटण खाली, एक वर, दिवा एकच, वळणावर. खालून लावा, वर जाऊन घालवा. वास्तूच्या दिवशी सासरे, देवला चव्हाण, हिंगोलीपलीकडं गोरेगावकडच्या तांड्यावरून आले होते. म्हातारा पोरासारखा खाली-वर पळत बटणं दाबत बसला. "आरं, हे तर लई भारी हाय," असं म्हणत त्यानं इतरांनाही दाबायला लावलं. पारुबाई तेव्हा चुलीपाशी होती. तिला देविदासनं कधी काही समजावलं नाही. तिला जे शिकवलं होतं ते कितीतरी आधी, भाड्याच्या खोलीत, तिचं बोट धरून: "बटण खाली म्हंजी लाईट लागली, वर म्हंजी गेली. इतकंच ध्यानात ठेव, याडी."

तिनं ते ध्यानात ठेवलं होतं.

आणि वर लोडशेडिंग. दोन हजार पाचचं साल. दिवसाकाठी वीज कधी नव्हती यापेक्षा कधी होती हे सांगणं सोपं. घराघरात एखादं बटण दाबूनच ठेवायची रीत पडलेली, लाईट आली की कळावं म्हणून. पण जिन्यातल्या दोन बटणांत कुठलं चालू नि कुठलं बंद, हे वीज नसताना कुणाला कळणार? ज्यानं वायरी ओढल्या त्यालाच, तेही दोन्ही बटणं पाहून.

त्या दिवशी संध्याकाळी लाईट आली. वरचं बटण दाबलेलं होतं, जिन्यातला दिवा आपोआप लागला. दिपा पिठाचा डबा घेऊन उतरायला लागली. खाली स्वयंपाकघरात पारुबाई पाटावर बसलेली. वळणावरचा दिवा तिथून दिसत नव्हता. पंखा फिरल्याचा आवाज ऐकून तिनं ओळखलं की लाईट आली, सून आता उतरेल. तिनं बसल्या जागेवरूनच चौकटीबाहेर हात घातला आणि जिन्याचं बटण खाली केलं. सुनेला उजेड व्हावा म्हणून.

मग डबा गडगडत आला. त्यामागून दिपा. पारुबाई सुनेकडे धावली; दिव्याकडे बघायचं तिला सुचलंच नाही.

देविदास पळत घरी आला तेव्हा जिना अंधारात होता. त्यानं दोन्ही बटणं पाहिली. वरचं खाली, खालचंही खाली. वायरी त्यानंच ओढलेल्या; दोन्ही खाली म्हणजे दिवा बंद. पाटी वाचावी तसं त्याला ते वाचता आलं. त्यानं खालचं बटण वर केलं, दिवा लागला, आणि तो बायकोला उचलायला धावला. तेव्हापासून सात हप्ते त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

सांगावं तर आईला कळणार, लेकरू तिच्या हातानं गेलं. न सांगावं तर आई खोटी. दोन्हीकडून अंधार. म्हणून तो दिवे बदलत राहिला.

आधी शंभरचा बल्ब लावला. जिना उन्हासारखा लख्ख झाला. पारुबाई चौकटीतून बघून म्हणाली, "इतका उजेड? कोणी उतरून राहिलं का?" आणि तिचा हात बटणाकडे निघाला. देविदासनं तो वरच्या वर धरला. तिला वाटलं, लेकाचाही आता तिच्यावर विश्वास नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. चार दिवसांनी व्होल्टेज एकदम चढलं आणि बल्ब उडाला.

मग ट्यूबलाईट. पण दिवेलागणीला गावातलं व्होल्टेज इतकं पडायचं की ट्यूब नुसती फडफडायची. दिपानं धीर करून पहिल्या पायरीवर पाय टाकला होता. उजेड आला, गेला, आला, गेला. ती कठडा धरून मागं सरकली आणि दोन दिवस जिन्याच्या तोंडाशीसुद्धा आली नाही.

"मला असं खेळवू नका," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात सासऱ्यांचा निरोप आला. मंगळवारी जीप घेऊन येतो, पोरीला घेऊन जातो. कायमचं की काही दिवसांसाठी, ते निरोपात नव्हतं. देविदासनं दिपाला विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ज्या घरात लेकरापरीस लाईटबिल मोठं, तिथं कशाला यायचं माघारी?"

सोमवारी तो हिंगोलीला गेला. ओळखीच्या दुकानात शेठला म्हणाला, "असा दिवा द्या शेठ, जो इतका कमी खाईल की बंद करायची कोणाला इच्छाच व्हायला नको."

शेठनं खोक्यातून पांढरी वळणदार नळी काढली. "सीएफएल ले जाओ. ग्यारह वॉट का है, उजाला साठ का. वोल्टेज कम हो तो भी जलता है." मग चष्म्यावरून पाहत म्हणाला, "लगाना कहाँ है?"

"जिन्यात."

"अरे, सीढ़ी में? वहाँ तो आदमी घड़ी-घड़ी चालू-बंद करता है. इसको वो नहीं चलता, जल्दी उड़ जाएगा. जलता छोड़ दो तो बरसों चलेगा."

देविदास दिवा हातात धरून उभा राहिला. जळत सोडला तर. म्हणजे बटणच नको. साठचा बल्ब रात्रंदिवस जाळणं पारुबाईच्या घरात शक्य नव्हतं, पण अकरा वॉट? त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. बटणं काढायची, दिवा डायरेक्ट करायचा, आणि सगळं तिथंच गाडून टाकायचं. कुणाला काही सांगायची गरजच नाही.

मंगळवारी दुपारी त्यानं दिवा बसवला. वीज नव्हती, पाचला यायची होती. बटणांच्या पेटीचा स्क्रू सैल करतोय तोच जीप थांबली आणि देवला चव्हाण आत आले. वास्तूला बटणं दाबत पळणारा माणूस आता जिन्याकडे न बघता बाजेवर बसला. पारुबाईनं पाणी पुढं केलं. त्यांनी तांब्या घेतला आणि खाली ठेवून दिला.

"पाव्हणं, पाणी तरी प्या," पारुबाई म्हणाली.

"पोरगी घिऊन जातो. मंग पितो गाडीत."

"तुमच्या पोरीची आन घिऊन सांगते. मी लाईट लावली होती."

वरून, जिन्याच्या तोंडाशी बॅग घेऊन बसलेल्या दिपाचा आवाज आला. "बाबा, ऐका आता. त्या माझी आन घेऊन राहिल्या."

पारुबाई मटकन खाली बसली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरलाही नाही. देविदासच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. पेटी काढून टाकायला दोन मिनिटं लागली असती.

त्यानं स्क्रू पुन्हा घट्ट केला.

"दोघी बी खरं बोलून राहिल्या," तो म्हणाला. "मामा, जरा थांबा. पाचला लाईट येईल."

पंधरा मिनिटं चौघंही तशीच बसून राहिली. मग पंखा कुरकुरला. वळणावरची नळी आधी मळकट पेटली, मग हळूहळू पांढरी होत गेली. दिपा उभी राहिली.

"दिपा, तुझ्या बाजूचं बटण खाली हाय?"

"हाय."

"याडी, त्या दिवशी बसली होती तशी पाटावर बस. आता लाईट लाव."

पारुबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन बसली. चौकटीबाहेर तिचा हात आला, चाचपडत बटणावर गेला. तिनं बटण खाली केलं.

जिना काळा झाला. हळूहळू आलेला उजेड जाताना मात्र एका क्षणात गेला.

"लागली का?" पारुबाईनं आतून विचारलं.

ती उठून बाहेर आली, अंधाराकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं. बटण वर केलं. उजेड. खाली केलं. अंधार. तिसऱ्यांदा तिचा हात अर्ध्यात राहिला.

"मंग माझ्याच हातानं," ती म्हणाली.

"न्हाई, याडी. मी तुला एका बटणाचं शिकवलं आन घरात दोन बसवले. माझी वायर हाय ती."

"हात तर माझा व्हता ना, लेका."

देवला चव्हाणांनी तांब्या उचलला आणि पाणी प्यायले. बराच वेळ पीत राहिले.

दिपा वरच उभी होती. तिचा आवाज खूप हळू आला. "तुमाला कवा कळलं?"

देविदासला खोटं बोलता आलं असतं. "त्याच दिवशी. आल्या आल्या."

"सात हप्ते."

"व्हय."

"सात हप्ते मी यांना काय काय बोलले. तुमी ताट घेऊन येत व्हते, ऐकत व्हते. आन बल्ब बदलत व्हते."

दिपानं बॅग उचलली आणि पहिल्या पायरीवर पाय टाकला. मग तिथंच थांबली. देविदास पुढं झाला तशी ती म्हणाली, "तुमी नका." मग पारुबाई कठडा धरून चढली. वळणावर दोघी भेटल्या. पारुबाईनं हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला, पोळल्यासारखा. दिपानं तो ओढून धरला. दोघी एकेक पायरी उतरल्या, दिपा रडत होती, पारुबाई नाही. खाली आल्यावर दिपा सासूच्या पाया पडली, नवऱ्याकडे बघितलं नाही, आणि जीपमध्ये जाऊन बसली.

"जावईबापू," देवला जाता जाता म्हणाले, "आधी सांगायचं व्हतं." एवढंच. ती परत येईल का, हे विचारायची देविदासची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी त्यानं दोन्ही पेट्या काढल्या. वायरी जोडल्या, वर टेप गुंडाळला, भिंतीतल्या भोकांना सिमेंट लावलं. पारुबाई पाटावर बसून बघत होती. दोन्ही हात मांडीवर, पदराखाली झाकलेले. स्वयंपाकघरात अंधार दाटला होता तरी तिनं तिथलंही बटण दाबलं नव्हतं.

"आता हा बंद न्हाई व्हत?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"कोणी बी हात लावला तरी?"

"हात लावायला काईच ठेवलं न्हाई, याडी."

तिनं मान हलवली. वर रिकाम्या पायऱ्यांवर दिवा पांढरा होत गेला. रिकाम्या भिंतीला उजेड दाखवू नका, असं या वेळी ती म्हणाली नाही.