मामांच्या पहाणीतला विलायती बँड

मामांच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे मामीचा आवाज निघाला, तेव्हाच माझ्या हातातले चाचणीचे पेपर टेबलावर ठेवले गेले. मामी कधी फोनला हात लावत नाही. "बेबी, तुह्ये मामा गेले वं..." एवढंच ती बोलली, आणि मग मागे कुणी तरी मोठ्यानं रडायला लागलं. मी तलमडुगूच्या शाळेत शिकवते. तिथून गुडीहत्नूरला पोचेपर्यंत दुपार टळली होती. प्रल्हादमामांना अंगणात ठेवलं होतं, शेजारी निळं निशाण, आणि मंडल ऑफिसमधली, म्हणजे आमच्याकडच्या तहसील कचेरीतली, त्यांची जुनी माणसं भिंतीला टेकून तेलुगूत हळूहळू बोलत होती. त्या आधीच्या आठवड्यातच मी आदिलाबादच्या दवाखान्यात त्यांना भेटून आले होते. निघताना मामांनी विचारलं होतं, "बेबी, काई सांगाचं हाय का?" मी म्हटलं, "नाही मामा, तुमी आराम करा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अंते मग." तेलुगूतला हा 'अंते' म्हणजे 'झालं, एवढंच'. चाळीस वर्षं ऑफिसात काढल्यानं तो त्यांच्या जिभेवर बसला होता.

सांगायचं होतं. आठ वर्षांपासून सांगायचं होतं. याच पुरवणीत आठ वर्षांपूर्वी माझी बारा लेखांची माला आली होती, 'गाण्यामागची माणसं' या नावानं. एका जगप्रसिद्ध विलायती बँडच्या गाण्यांत ज्यांनी वाजवलं, पण ज्यांची नावं कव्हरवर आली नाहीत, अशा माणसांबद्दल. वाचकांनी भरभरून पत्रं लिहिली. त्या लेखांतली एक ओळही माझ्या माहितीची नव्हती, सगळी मामांची होती, आणि त्यांचं नाव मी कुठेही लिहिलं नाही. आज लिहिते आहे, तर सुरुवातीपासूनच लिहिते.

मामा मंडल ऑफिसात कारकून होते. नोकरीला नवीन असताना तिथल्या एका तरुण साहेबांची बदली झाली. सामान बांधताना साहेबांनी कॅसेटचा एक खोका, जुना टेपरेकॉर्डर आणि इंग्रजी मासिकांचा गठ्ठा "हे कुठं नेऊ आता" म्हणून मामांच्या टेबलावर ठेवला आणि जीपमध्ये बसून निघून गेले. मामांनी तोवर भीमगीतं, कव्वाल्या आणि रेडिओवर लागेल ते ऐकलेलं. घरी येऊन त्यांनी पहिली कॅसेट लावली, तर मामी चुलीपुढून ओरडली, "कोनी मेलं का काय, एवढे काऊन वरडून राह्यले ते?" मामांना हे फार आवडलं. पुढे कुणी त्या बँडबद्दल विचारलं की ते आधी मामीचं हेच मत सांगायचे, मग स्वतःचं. बँडचं नाव मात्र ते पटकन सांगत नसत, आणि मीही त्यांच्यासाठी इथे सांगत नाही. "नाव सांगतलं का मानूस त्याले ठाऊक असलेलं एकच गानं गुनगुनाले लागते," ते म्हणायचे, "आन् आपली गोष्ट राहते बाजूले."

त्यांची गोष्ट होती ती नाव नसलेल्यांची. इंग्रजी त्यांचं दहावीपुरतंच होतं, पण डिक्शनरी मांडीवर घेऊन ते मासिकांतली बारीक अक्षरं वाचायचे. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की बँडमध्ये माणसं चार, आणि गाण्यात वाद्यं चौदा. मग बाकीची वाजवली कोणी? एका गाण्यात म्हातारे व्हायोलिनवाले होते, त्यांना तासावर बोलावलं होतं आणि काम झाल्यावर ते बसनं घरी गेले. एका गाण्याच्या शेवटी दार आपटल्याचा आवाज आहे, तो रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या बायकोनं आपटलेल्या दाराचा. ती नवऱ्याला जेवायला बोलवायला आली होती, आणि तो येत नाही म्हणून तणतणत परत गेली. आणि एका गाण्यात मागे तबला आहे. तबला! मामांनी ती कॅसेट इतक्या वेळा मागे-पुढे केली की फीत चिमटली, मग पेन्सिल घालून गुंडाळत बसले. "हा आपल्याकडचा मानूस हाय बेबी. आयक, हा हात आपल्याकडचा हाय. आन् याचं नाव कुठीच नाही."

आता मामांनी हे सगळं लिहून काढलं ते कसं, हे सांगितल्याशिवाय मामा कळायचे नाहीत. त्यांनी त्याची पहाणी केली. पहाणी म्हणजे आमच्याकडचं शेताचं रेकॉर्ड. मामांचा आयुष्यभराचा कागद तोच. जमीन कागदोपत्री ज्याची तो पट्टेदार, प्रत्यक्ष जो कसतो तो कबजेदार, आणि शेवटचा रकाना कैफियतीचा, म्हणजे जे काही सांगण्यासारखं आहे ते. मामांनी लांबट रजिस्टरं आणली, पट्टीनं रकाने आखले आणि एकेका गाण्याला नंबर देऊन त्याची नोंद केली. पट्टेदार: कव्हरवर ज्याचं नाव तो. कबजेदार: खरं ज्यानं वाजवलं तो. कैफियत: बायको जेवायला बोलवायला आली होती. अशी सात रजिस्टरं झाली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ओसरीवर रजिस्टर उघडून बसले की येणारा-जाणारा विचारायचा, "काऊन बाबू, आज कोनाची जमीन कोनाच्या नावानं केली?" आणि मामी आतून म्हणायची, "साऱ्या विलायतची पहानी लिवून राह्यले, राशन कार्डावर माह्यं नाव पाच वर्साचं चुकलं हाय ते नाही दिसत!" ते मात्र खरंच होतं. कार्डावर मामीचं शांताबाईचं शांताराम झालं होतं, आणि ते दुरुस्त व्हायला मामांना रिटायर व्हावं लागलं.

एक नियम मामांनी कधी मोडला नाही. ऐकीव गोष्ट पेन्सिलीनं लिहायची; दोन साक्षी मिळाल्या, म्हणजे दोन वेगवेगळ्या ठिकाणी तेच वाचायला मिळालं, की मगच पेनानं. हा नियम कुठून आला ते मला खूप उशिरा कळलं. मामांचे वडील, माझे आजोबा, वांकिडीकडच्या गावात दुसऱ्याच्या शेतात राबायचे. त्यातला बरड तुकडा त्यांनी दगड वेचून वेचून वाहितीत आणला होता, पंधरा-वीस वर्षं ज्वारी काढली होती. तिथल्या पटवाऱ्यानं कबजेदाराच्या रकान्यात आजोबांचं नाव लिहिलं, पण पेन्सिलीनं. एका उन्हाळ्यात ते खोडलं गेलं. कोणी खोडलं ते कुणालाच माहीत नाही म्हणे. आजोबांना वाचता येत नव्हतं, त्यांना दोन वर्षांनी कळलं. हे सांगताना मामांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "कागदावर खोडलेलं दिसत व्हतं बेबी. मी नोकरीले लागल्यावर पयले थेच काडून पायलं. जागा घासलेली व्हती, नाव नव्हतं." मग त्यांनी कॅसेट उलटी केली आणि चहा मागितला.

तबलजीसाठी त्यांनी विलायतेला पत्रं लिहिली. मासिकात दिसेल त्या पत्त्यावर. इंग्रजी मी तपासून द्यायची, मी तेव्हा आदिलाबादला बी.एड. करत होते आणि मामांकडेच राहत होते. माझं इंग्रजी सुधारलं ते या पत्रांनी, कॉलेजनं नाही. एकदा, कधी नव्हे ते, उत्तर आलं. त्या स्टुडिओतून रिटायर झालेल्या कुणा म्हाताऱ्याचं होतं. त्याला तबलजीचं नाव आठवत नव्हतं, पण माणूस बुटका होता, अबोल होता आणि जेवणाचा डबा घरून आणायचा, एवढं आठवत होतं. मामा चार दिवस हवेत होते. ऑफिसात पेढे वाटले. पोरीचं, म्हणजे माझं, लग्न ठरलं का, असं लोकांनी विचारलं. आणि रजिस्टरात नोंद झाली, कबजेदार: 'नाव माहीत नाही. डबा घरून आणायचा.' पेन्सिलीत. मी हसले तर म्हणाले, "हसू नको. जागा तं राखली ना त्याची. रिकामी नाही ठेवली."

लेखमालेचं असं झालं. मी नोकरीला लागले, लग्न झालं, थोडंफार लिहायला लागले. पुरवणीवाल्यांनी काही वेगळं मागितलं तेव्हा मी मामांकडे गेले आणि म्हटलं, मामा, रजिस्टरं पाहू का? त्यांनी सातही माझ्यापुढे ठेवली, वर फडक्यानं पुसून. पहिला लेख लिहिला त्यात शेवटी एक ओळ होती, 'ही सर्व माहिती माझे मामा प्रल्हाद, निवृत्त कारकून, गुडीहत्नूर यांची.' पाकिटात घालताना मी ती काढली. कुणी काढायला लावली नाही. मला वाटलं, नागपूर-पुण्याचे लोक वाचतील, गुडीहत्नूरचा कारकून विलायती बँडबद्दल सांगतो म्हणून हसतील. खरं सांगू? मला मामांची लाज वाटली. पुढे संपादकांनी फोनवर विचारलं, एवढं सगळं कुठून मिळवलंत, तर मी म्हटलं, "वाचनातून." एकदा म्हटल्यावर मग बाराही लेख तसेच गेले. शाळेनं माझा सत्कार केला, शाल, नारळ, भाषणं. मामा तिसऱ्या रांगेत बसले होते, पांढरा सदरा, खिशाला पेन आणि पेन्सिल. एका वक्त्यानं सांगितलं की बाईंनी ज्यांना नाव नव्हतं त्यांना नाव दिलं. मामांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर म्हणाले, "तिसऱ्या लेखात चूक हाय. व्हायोलिनवाले चार नाही, आठ व्हते." मी वाट पाहत होते की अजून काही बोलतील. "अंते," म्हणाले, आणि बस धरायला निघाले.

त्यानंतर माझं गुडीहत्नूरला जाणं कमी झालं. काम असतं, पोरांच्या परीक्षा असतात... कारणांना काय तोटा. गेले तरी मी मामीजवळ स्वयंपाकघरात बसायची, ओसरीवर नाही. मामा कधी रागावून बोलले नाहीत, टोमणा मारला नाही. उलट जाताना हातात पिशवीभर तुरीच्या शेंगा द्यायचे. मी मनाला समजावलं की त्यांना काही वाटलं नसेल, साधा माणूस आहे, भाचीचं नाव झालं यातच त्याला आनंद. किती सोयीचं असतं ना, दुसऱ्याला साधा माणूस ठरवून टाकणं!

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळं आटोपल्यावर मामीनं मला आत बोलावलं. लोखंडी पेटीतून तिनं रजिस्टरं काढली. "तुह्यासाठी ठेवाले सांगतलं व्हतं त्यायनं." सात नव्हती, आठ होती. आठवं मी पाहिलं नव्हतं. त्यात थोड्याच नोंदी होत्या, आणि सगळ्यात शेवटी, त्यांच्या त्या सरळ, गोल अक्षरात, गाण्याच्या जागी लिहिलेलं: 'गाण्यामागची माणसं, बारा लेख.' पट्टेदार: माझं पूर्ण नाव, पेनानं. छापून आलं होतं, तेव्हा त्यात शंका नव्हती. कबजेदाराचा रकाना कोरा होता. मी मागची पानं चाळली, मग मागची रजिस्टरं. शेकडो नोंदींत कुठेही तो रकाना कोरा नव्हता. डबा आणणाऱ्यालाही जागा होती, तणतणत गेलेल्या बायकोलाही होती. स्वतःचं नाव मामांनी तिथे लिहिलं नव्हतं. फक्त कैफियतीत, पेन्सिलीनं, चार शब्द होते: 'बेबी येऊन स्वतः सांगेल.'

मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. मामा गेल्याच्या दिवशी रडले नव्हते तेवढी. आठ वर्षं ते वाट पाहत होते. मी शेंगांची पिशवी घेऊन निघाले की वाट पाहत होते, दवाखान्यात 'काई सांगाचं हाय का' म्हणून विचारलं तेव्हाही वाट पाहत होते, आणि मी त्यांना आराम करा म्हटलं. मामीनं मला रडू दिलं. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण त्या पानावर काय आहे हे तिला ठाऊक होतं असं मला वाटतं. मग तिनं खुंटीवरच्या सदऱ्यातून मामांचा पेन काढून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "मामी, पेनानं लिहायला दोन साक्षी लागतात. मामांचा नियम आहे."

"तू एक," मामी म्हणाली, "आन् मी एक. मी नाही पायलं का, राती-दिसा लिवत व्हते ते? लिव."

मी लिहिलं. कबजेदार: प्रल्हाद, राहणार गुडीहत्नूर. शाई आधी उमटेना, दोनदा झटकावा लागला. ते रजिस्टर आता माझ्या टेबलावर आहे, हा लेखही त्याच्याच शेजारी बसून लिहिला. कैफियतीतले ते चार पेन्सिलीतले शब्द मात्र मी पेनानं गिरवले नाहीत, आणि खोडलेही नाहीत.