झाकलेली कानशिलं

यवतमाळला आमच्या दारी तांड्यावरची एक बाई डिंक विकायला येई. एकाच हाताने डिंक मापून द्यायची. दुसऱ्या हाताने ओढणी कानशिलांवर घट्ट धरलेली. एकदा आईने विचारलं, "एवढं काहून झाकून राह्यली वो?"

"केसातल्या चांदीच्या टोपल्या मोडल्या, बाई. मालकाच्या दुखन्याचं कर्ज फेडाले. टोपल्या नाही दिसल्या, तं तांडा म्हनंन, इचा नवरा मेला. अन् त्याले समजलं, तं तो खरंच मरंन."

उन्हाळ्यात ती आली तेव्हा ओढणी मागे सरकली होती. कानशिलं मोकळीच होती. आई म्हणाली, "फिटलं काय वो कर्ज?"

"नाही, बाई. कर्जच तेवढं राह्यलं."

आणि ती दोन्ही हातांनी डिंक मापू लागली.