डोक्यावरची तारीख

अलोंझो प्रेविट यांनी चित्रपटांवरचं एकही पुस्तक कधी उघडलं नाही. माझ्याकडे अशा पुस्तकांची भिंत भरलेली आहे. तरी त्या माहितीपटातली खरी गोष्ट मला त्यांनीच दाखवली, आणि तेव्हा मी गळ्याला कापड बांधून त्यांच्या खुर्चीत मान वाकवून बसलो होतो.

शिकागोच्या साउथ साइडला, एकोणऐंशीव्या रस्त्यावर त्यांचं सलून एक्केचाळीस वर्षं चाललं. बोलणं बेताचं, हात सावकाश. तीन माणसं रांगेत असली तरी घाई करायचे नाहीत. गिऱ्हाईक वारलं की मशीन आणि वस्तरा पिशवीत घालायचे, अंत्यविधीआधी मृतदेह ठेवतात तिथे जायचे आणि त्याचे शेवटचे केस कापून यायचे. त्याचे पैसे घेत नसत. "पहिल्यांदा मीच कापले होते, आता परक्याच्या हाती कसं देऊ?" एवढंच म्हणायचे. आमच्या वस्तीत त्यांना ही पिशवी वरचेवर उचलावी लागे, आणि त्यातली बरीच डोकी वीस वर्षांच्या आतली असत.

कियॉन गेन्स हा त्यातलाच एक. फेब्रुवारीत बसथांब्यावर उभा असताना गोळी लागली. सतरा वर्षांचा होता. तो आणि त्याचा जिवलग दोस्त टेव्हियन मोझली मिळून गाणी करायचे. गाणी कडक होती, बंदुका आणि सूड यांनी ठासून भरलेली, पण दोघांनी आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. आधीच्या उन्हाळ्यापासून वस्तीत एक कॅमेरावाली मुलगी फिरत होती. आमची गाणी आणि पोरांची गुन्हेगारी यांवर ती माहितीपट करत होती. कियॉन गेला तेव्हाही तिचा कॅमेरा चर्चच्या दारात होता.

वर्षभराने तो माहितीपट टीव्हीवर आला. त्यात कियॉनची पांढरी शवपेटी चर्चबाहेर येते, त्याची आई मिस लोरेन पायरीवरच बसते, लांबून पोलिसांचा भोंगा ऐकू येतो आणि लगेच टेव्हियनचा चेहरा दिसतो. तोंड उघडून, डोळे मिटून, खो खो हसणारा.

त्या दिवसापासून मिस लोरेननी टेव्हियनला दार बंद केलं. सहाव्या वर्षापासून हा पोरगा त्यांच्या टेबलावर जेवलेला. "माझ्या लेकाच्या पेटीमागे हसला तो," एवढंच त्या बोलल्या. टेव्हियन दर रविवारी जाऊन बेल वाजवायचा. आतून टीव्हीचा आवाज यायचा, दार उघडायचं नाही. त्याने गाणी सोडली, नंतर जेवणही कमी केलं.

मी दर शनिवारी वाचनालयात पोरांना चित्रपट कसा बघावा हे शिकवतो. टेव्हियन माझ्या वर्गात होता. मी मुद्दाम तोच माहितीपट लावला. आधी आवाज बंद करून बघितला, मग डोळे मिटून नुसता ऐकला, मग किती वेळा दृश्य बदलतं ते बोटांवर मोजलं. पोरं हुशार निघाली. पोलिसांचा तोच भोंगा दोन वेगळ्या ठिकाणी वापरलाय हे त्यांनी पकडलं. गाण्याची गती मुद्दाम कमी केलीय, म्हणून ते भेसूर वाटतं, हेही ओळखलं. मी खूश झालो. आणि त्या खुशीत सगळ्यांसमोर टेव्हियनला म्हणालो, "दुःखात माणूस कधी कधी हसतो रे. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"सर, मी तिथे हसलोच नाही."

"मग हा कोण, तुझा जुळा भाऊ?"

वर्ग हसला. टेव्हियन दप्तर उचलून निघून गेला. ते वाक्य आठवलं की अजून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तसाच मी सलूनमध्ये गेलो.

"काय प्रोफेसर, आज तोंड का पाडलंय?" प्रेविट म्हणाले. तिथे मला सगळे प्रोफेसर म्हणायचे. त्यात आदर नव्हता हे सांगायला नको.

मी फोनवर तो भाग लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी मशीन बंद केलं, चष्मा चढवला, एकदा बघितलं.

"मागे घे. थांबव. ही पेटी उचलणारी चार पोरं. टेव्हियनचं डावं कानशील बघ. काय दिसतं?"

"केसांत वस्तऱ्याने कोरलेल्या दोन रेघा."

"कियॉनच्या डोक्यावर कायम दोन रेघा असायच्या. त्या सकाळी मी आधी त्याच्या कोरल्या, मग त्या चौघांच्या. आता हसतोय तिथे घे. रेघा कुठायत?"

रेघा नव्हत्या. नुसत्या रेघाच नाही, डोक्यावर बोटभर केस होते, पिळे घातलेले.

"हे पिळे त्याच्या बहिणीने घातले होते, ऑगस्टच्या उन्हाळ्यात. सप्टेंबरात शाळा उघडायच्या आधी मीच कापून टाकले. हे हसणं ऑगस्टचं आहे, प्रोफेसर. कियॉन जिवंत होता तेव्हाचं." त्यांनी फोन परत दिला. "पोरगा सांगत होता ना तुला?"

"सांगत होता."

"मग ऐकायचं."

एवढं बोलून त्यांनी माझी मान पुन्हा खाली दाबली. मी त्याच माहितीपटावर सहा शनिवार शिकवलं होतं. दृश्यं मोजली, आवाज मोजले, आणि समोर बसलेल्या पोराचं डोकं काही बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी मी त्या कॅमेरावालीला पत्र लिहिलं. कोर्टनी तिचं नाव. माझी अपेक्षा होती की उत्तर येणार नाही, आलं तर वकिलाचं येईल. पण तीन आठवड्यांनी ती स्वतः परगावाहून येऊन सलूनच्या दारात उभी राहिली. दोन दृश्यं जोडायला तिला मध्ये सेकंदभर एक चेहरा हवा होता, हाताला लागला तो लावला, असं तिने सरळ सांगितलं. "मी विचारच केला नाही," म्हणाली, आणि तो तुकडा बदलायचं कबूल केलं. ऑगस्टचं कापाकापी न केलेलं चित्रणही तिने आणलं होतं. चूक निस्तरायला इतक्या लांबून येणारी माणसं कमी असतात. तिचेही आभार मानायला हवेत.

मिस लोरेनना आणायला प्रेविट स्वतः गेले. काय सांगितलं कोण जाणे, पण त्या कोट घालून आल्या आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या. टेव्हियन दाराशीच उभा राहिला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

कोर्टनीने लॅपटॉपवर चित्रण सुरू केलं. पडद्यावर एकटा टेव्हियन, डोक्यावर पिळे, मागे ऊन. आणि कॅमेऱ्याच्या बाजूने, न दिसणारा, कियॉन बोलत होता. आपल्या आईची गोष्ट सांगत होता. आईने एकदा पाद्रीबाबांना जेवायला बोलावलं, आणि कोंबडी तळायला टाकून फोनवर बोलत बसली. तो आईचा आवाज काढत होता, हुबेहूब. टेव्हियन हसून हसून वाकला. तेवढ्यात चित्रण संपलं.

मिस लोरेननी हात कोटाच्या खिशातून काढले नाहीत. "परत लावा," म्हणाल्या.

परत लावलं. मग तिसऱ्यांदा लावलं. वर्षाहून जास्त काळ त्यांनी लेकाचा नवा शब्द ऐकला नव्हता.

मग त्या पहिल्यांदा टेव्हियनकडे वळल्या. "पुढे काय म्हणाला तो?"

"मॅम, पुढचं जरा वाईट आहे."

"माझाच लेक होता. त्याचं तोंड मला ठाऊक आहे. सांग."

टेव्हियनने प्रेविटकडे बघितलं. त्या दुकानात शिवी दिली की रांगेत शेवटी जावं लागे, मग तुम्ही कोणीही असा. प्रेविट पाठ फिरवून कंगवे पुसायला लागले.

टेव्हियनने सांगितलं. कोंबडीचा कोळसा झाल्यावर मिस लोरेननी पाद्रीबाबांसमोर जे उच्चारलं ते सगळं, त्यांच्याच आवाजात, जसं कियॉनने सांगितलं होतं तसं.

मिस लोरेन हसल्या. आधी नाकातून, मग तोंड उघडून, डोळे मिटून, मांडीवर हात मारत हसल्या, आणि त्यातच रडल्या. पेटी उचलली गेली त्या दिवसानंतर त्या पहिल्यांदा हसत होत्या. टेव्हियन त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"कधी जेवलास शेवटचा?" त्यांनी विचारलं. "चल घरी."