वेशीला सुटलेला घाम

त्या उन्हाळ्यातली ती वेस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. बीड जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, माणसं हयात आहेत. रस्ता रुंद होत होता. दोन्ही अंगांची घरं पाडून झाली होती, मध्ये निजामाच्या काळातली दगडी वेस तेवढी जुनी वास्तू म्हणून राखली होती. तिच्या कमानीखाली एक मावशी बांगड्या विकत. सासूपासूनची जागा ती.

नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, अशा दिवसांत वेशीच्या भिंतीतून पाणी झिरपू लागलं. झालं! वेशीला घाम सुटला, देव जागा झाला म्हणून नारळ फुटू लागले, मोबाईलवर व्हिडिओ फिरले. मी तिथल्या ठाण्याचा फौजदार, जाऊन पाहिलं. दगडांमधला चुना बोटाने उकरला तर ओल्या शिऱ्यासारखा हातात आला. वर कमान, खाली बायकापोरं. ती कधीही खाली आली असती.

पांगवायला गेलो तर गर्दीच अंगावर आली. "देवाच्या कामात पोलीस कावून?" लाठी उगारली असती तर कमानीखालीच चेंगराचेंगरी झाली असती. मी दात-ओठ खात ठाण्यात परतलो.

तेवढ्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "साहेब, लाईट गेली की घाम थांबतो. कावून ते तुमी बघा." फोन बंद.

वेशीच्या आडोशाला, रुंदीकरणाच्या हद्दीबाहेर राहिलेलं एक हार्डवेअरचं दुकान होतं, भिंत सामाईक. मालकाला ठाण्यात बोलावून चहा दिला. वेशीबद्दल अवाक्षर काढलं नाही, धंदा कसा चाललाय एवढंच विचारलं.

"बरा हाय, साहेब. पण बोअर कोरडा पडलाय, प्यायलाबी पाणी न्हाई."

बोअरचं त्याला कोणी विचारलं होतं? खोटं बोलणारा न विचारलेल्याचं उत्तर आधी देतो, हा माझा जुना अनुभव. वीज कार्यालयाला सांगून त्या भागाची लाईट बंद करवली. वेशीजवळच्या हवालदाराचा फोन आला. मी स्पीकर चालू केला.

"साहेब, थांबलं!"

लाईट सुरू करवली.

"आलं साहेब, परत आलं!"

"देवालाही लोडशेडिंग असतं का हो, शेठ?" मी विचारलं. त्याने कप खाली ठेवला आणि सगळं कबूल केलं.

भिंतीला भोक पाडून त्याने बोअरच्या मोटारीची नळी आत सोडली होती. वेस धोकादायक ठरवून पाडली की दुकान थेट मोठ्या रस्त्यावर येणार होतं. "एवढे लोक जमतील असं वाटलं न्हवतं, साहेब."

नळी उपसून गर्दीसमोर धरली, तेव्हा लोक शिव्या देत मागे हटले. मावशी मात्र उठेनात. "मेले तर हितंच मरीन!" महिला शिपायांनी त्यांना उचलून आणलं. बांगड्या फुटल्या, मावशींनी माझा उद्धार केला. आणि कमानीचा दगड सुटून धाडकन त्यांच्या बैठकीवर आला.

शेठवर गुन्हा दाखल झाला, त्याला जामीनही मिळाला. वेस धोकादायक म्हणून पाडलीच. आज त्याचं दुकान मोठ्या रस्त्याला तोंड करून उभं आहे. गुन्हेगार पकडला म्हणजे त्याचा डाव हुकला असं नाही, हे मी तिथे शिकलो, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुढे मावशी ठाण्यात आल्या. "तुमी उचललं नसतं तर मेले असते, हे खरं हाय. पण साहेब, आता बसू कुठं?"

कायद्याची कलमं मला तोंडपाठ होती. त्यातलं एकही त्यांच्या कामाचं नव्हतं.