घुबडछापची चव

दर्यापूरच्या स्टँडवर अकोल्याची जीप भरायची वाट पाहत आम्ही बसलो होतो. माझ्या शेजारचा माणूस मात्र एका जागी टिकेना. उतरायचा, चढायचा, पिशवीतली बाटली चाचपायचा. शेवटी मी वैतागून विचारलं, "काय आहे हो त्यात?"

"माह्या आज्याची व्हिस्की."

आजोबांच्या कारखान्यात म्हणे ही बनायची. लेबलावर घुबड, म्हणून घुबडछाप. कारखाना बंद पडला, कृती हरवली. आता हा तीच व्हिस्की आजच्या पिणाऱ्यांसाठी पुन्हा काढायला निघाला होता. नमुना तयार होता, पण जुनी चव सांगेल असं कोणी सापडत नव्हतं. त्याच्या वहीत कोणी गूळ सांगितला होता, कोणी संत्र्याची साल, एकानं तर रॉकेल.

"चव चुकली तं ही नुसती दारूच हाय," तो म्हणाला आणि पुन्हा उतरला.

घुबडछापचं नाव ऐकून समोरच्या सीटवरचे म्हातारे हसले. यानं धावत येऊन झाकणात घोटभर ओतली. "सांगा नं काका, तशीच लागून राहिली का?"

म्हाताऱ्यांनी चाखली. "कसं सांगू बापू? आमी तं नाक दाबून पेत होतो."

अकोल्यापर्यंत तो वहीच चाळत राहिला. उतरल्यावर मी मागे वळून पाहिलं. जीपच्या आडोशाला त्यानं चिमटीत नाक धरलं होतं आणि झाकण तोंडाला लावलं होतं.

"काका," तो ओरडला, "आता बराबर तीच लागून राहिली!"